पिठापासून प्लास्टिक : विघटनशीलतेचा ताळेबंद

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबई महानगरी पाण्याखाली गेली. पर्जन्यमान असाधारण होतेच. तथापि गटारांत आणि नाल्यांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांनी पाण्याचा निचरा रोखून धरल्याची बाब त्या आपत्तीनंतर प्रकर्षाने पुढे आली. पुढे २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून केंद्र शासनाने संपूर्ण देशात एकदा वापरून फेकून देण्याच्या ठरावीक वस्तूंवर, म्हणजे प्लास्टिकचे पेले, ताटे, चमचे, स्ट्रॉ इत्यादींवर, बंदी लागू केली.

या केंद्रीय बंदीतून एक सूट देण्यात आली आहे. कंपोस्ट होऊ शकणाऱ्या, म्हणजेच खतात रूपांतरित होणाऱ्या प्लास्टिकच्या वस्तूंना ती लागू नाही. परिणामी ‘विघटनशील’ या एका शब्दाला बाजारात मोल प्राप्त झाले आहे. हा शब्द छापलेली पिशवी ग्राहक निर्धास्तपणे घरी आणतो, आणि हाच शब्द प्रकल्प अहवालाच्या पहिल्या पानावर लिहून उद्योजक कर्जासाठी बँकेत येतो. अशा वेळी या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो कसा पडताळावा, हे ग्राहक आणि बँक कर्मचारी या दोघांनाही ठाऊक असणे अगत्याचे आहे. सुदैवाने त्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. आपल्या स्वयंपाकघरातील चार पदार्थांपासून चार प्रकारचे प्लास्टिक तयार करता येते आणि त्यांची तुलना करताना या विषयाचे मर्म उलगडत जाते.

प्लास्टिक म्हणजे काय?

लहान रेणूंची साखळी जोडत जाऊन बनलेल्या महाकाय रेणूला बहुवारिक किंवा पॉलिमर असे म्हणतात. ज्या बहुवारिकाला हवा तो आकार देता येतो, ते प्लास्टिक. खनिज तेल हे या साखळ्यांच्या कच्च्या मालाचे एक उगमस्थान होय, एकमेव नव्हे. निसर्गाने अशा साखळ्या कितीतरी आधीच निर्माण केल्या आहेत. धान्यातील स्टार्च ही ग्लुकोजची साखळी आहे, तर दुधातील केसीन आणि हाडा-कातड्यांतील कोलॅजेन या अमिनो आम्लांच्या साखळ्या आहेत.

किंबहुना प्लास्टिकचा आरंभीचा इतिहास नैसर्गिक बहुवारिकांचाच आहे. १८६२ साली अलेक्झांडर पार्क्स यांनी लंडनमध्ये मांडलेले ‘पार्केसाइन’ वनस्पतींतील सेल्युलोजपासून बनलेले होते. १८९९ साली जर्मनीत विल्हेल्म क्रिशे आणि अडोल्फ स्पिटेलर यांनी दुधातील केसीनपासून कठीण प्लास्टिक बनविण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. ग्रीक भाषेतील दूध व दगड या अर्थाच्या शब्दांवरून त्याचे नाव ‘गॅलालिथ’ असे पडले. या दुधाच्या दगडापासून गुंड्या, विणकामाच्या सुया आणि फाउंटन पेनच्या नळ्या तयार होत असत. पूर्णतः कृत्रिम असे पहिले प्लास्टिक, बेकेलाइट, लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये शोधले आणि त्यानंतर खनिज इंधनांवर आधारित प्लास्टिकचे युग सुरू झाले.

आपल्या घरांतही या शास्त्राचा परिचय पूर्वापार आहे. कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवताना पांढरे पातळ मिश्रण एका क्षणी घट्ट, चिकट आणि पारदर्शक होऊ लागते. साबुदाण्याच्या पापड्या उन्हात वाळल्या की त्यांचा काचेसारखा कडक पापुद्रा बनतो. सुती साडीला घातलेली खळ कापडाला ताठपणा आणते. ही सारी स्टार्चची बहुवारिके होत. या पापडीत आणि प्लास्टिकच्या पापुद्र्यात मुख्य फरक आहे तो लवचीकपणाचा, आणि तो ग्लिसरीनच्या अल्प मात्रेने साधता येतो.

चार पदार्थ, चार कृती

पुढील कृती मोठ्यांच्या देखरेखीखाली कराव्यात. गरम मिश्रण त्वचेला चिकटून भाजण्याचा संभव असतो. तयार झालेला पदार्थ खाण्यासाठी नाही, हेही लक्षात ठेवावे.

१) कॉर्नफ्लॉर : दुकानात कॉर्नफ्लॉर म्हणून मिळणारी पांढरीशुभ्र भुकटी हे मक्याचे स्टार्च होय, पिवळसर मक्याचे पीठ येथे उपयोगी नाही. १० ग्रॅम कॉर्नफ्लॉर, ६० मिलिलिटर पाणी, ५ मिलिलिटर ग्लिसरीन आणि ५ मिलिलिटर पांढरे व्हिनेगर थंड असतानाच एकत्र करावे व मंद आचेवर सतत ढवळत राहावे. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या पुढे स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात व फुटतात आणि त्यांतील साखळ्या मोकळ्या होतात. मिश्रण दाट व अर्धपारदर्शक झाले की ते सपाट ताटात पातळ पसरावे. व्हिनेगरमधील आम्लामुळे स्टार्चच्या फांद्या फुटलेल्या साखळ्या काही अंशी तुटतात आणि पापुद्रा अधिक एकसंध होतो. ग्लिसरीनचे लहान रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकींवरून सरकू देतात, म्हणून ते मृदुकारी ठरते.

२) जिलेटिन : १२ ग्रॅम जिलेटिन ६० मिलिलिटर पाण्यात भिजवून, ३ मिलिलिटर ग्लिसरीन घालून, विरघळेपर्यंत गरम करावे, उकळू नये. वर आलेला फेस काढून मिश्रण ताटात ओतावे. जिलेटिन प्राणिजन्य असल्याने शाकाहारी कुटुंबांनी ही कृती वगळली तरी चालेल.

३) अगर-अगर : चायना ग्रास या नावाने परिचित असलेला हा पदार्थ समुद्री शेवाळापासून मिळतो. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, मन्नारच्या आखातालगत, असे शेवाळ गोळा केले जाते. ३ ग्रॅम अगर २४० मिलिलिटर पाण्यात ३ मिलिलिटर ग्लिसरीनसह उकळून पूर्ण विरघळवावे व ताटात ओतावे. त्यात पाण्याचे प्रमाण फार असल्यामुळे वाळताना तो बराच आकसतो आणि त्याच्या कडा वर वळतात.

४) दूध : २५० मिलिलिटर गरम दुधात २० मिलिलिटर व्हिनेगर घालावे. पनीर बनविताना होते तसेच दूध फाटते. चोथा फडक्यातून घट्ट पिळून, मळून, साच्यात दाबावा आणि दोन-तीन दिवस वाळू द्यावा. कारखान्यात गॅलालिथ कठीण करण्यासाठी फॉर्मालिन वापरले जाई. ते विषारी असल्याने घरी कदापि वापरू नये.

पहिल्या तीन पापुद्र्यांना वाळण्यास हवामानानुसार दोन ते पाच दिवस लागतात. कोकणातील जुलै आणि जयपूरचा मे यांत हा कालावधी भिन्न असणार, हे ओघानेच आले.

तुलना न्याय्य कशी करावी?

दोन ताळेबंदांची तुलना करताना कालावधी आणि लेखापद्धती समान आहेत का, हे आपण प्रथम पाहतो. येथेही तेच तत्त्व लागू होते. जाड पापुद्रा पातळ पापुद्र्यापेक्षा अधिक वजन पेलणार आणि कुजण्यासही अधिक वेळ घेणार. त्याचे श्रेय पदार्थाला देणे योग्य नव्हे. म्हणून एकाच आकाराची ताटे घ्यावीत आणि वाळल्यावर पापुद्र्यांची जाडी शक्य तितकी सारखी येईल असे बेताने ओतावे. प्रत्येकाच्या समान लांबी-रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. ग्लिसरीनचा परिणाम पाहावयाचा असेल, तर केवळ ग्लिसरीनचे प्रमाण बदलून उर्वरित घटक तेच ठेवावेत. दुधाचा पदार्थ जाड व भरीव बनत असल्याने त्याची तुलना पापुद्र्यांशी थेट करू नये.

त्यानंतर तीन चाचण्या घ्याव्यात. पहिली ताकदीची : पट्टीचे एक टोक चिमट्यात पकडून दुसऱ्या टोकाला छोटी पिशवी लटकवावी आणि पट्टी तुटेपर्यंत तीत नाणी टाकत जावे. दुसरी पाण्याची : पट्टी वजन करून अर्धा तास पाण्यात ठेवावी, टिपून पुन्हा वजन करावे, एक संच साध्या पाण्यात, तर दुसरा कोमट पाण्यात ठेवावा. तिसरी मातीची : पट्ट्या जाळीदार कापडात ठेवून ओलसर मातीच्या कुंडीत पुराव्यात व दर आठवड्यास उकरून पाहाव्यात. सोबत पॉलिथिनच्या पिशवीची एक पट्टी आणि वर्तमानपत्राची एक पट्टी अवश्य पुरावी. तुलनेसाठी मापदंड नसेल, तर निष्कर्षाला अर्थ उरत नाही.

काय दिसून येते?

स्टार्चचा पापुद्रा लवचीक असतो, परंतु पाण्यात तो फुगून बुळबुळीत होतो व सहज फाटतो. ग्लिसरीन वाढविल्यास तो अधिक मऊ होतो. मात्र त्याची ताकद घटते आणि दमट हवेत तो चिकट बनतो. जिलेटिनचा पापुद्रा स्वच्छ, पारदर्शक आणि चिवट असतो. साध्या पाण्यात तो फुगतो, तर पुरेशा कोमट पाण्यात विरघळून जातो. अगरचा पापुद्रा पातळ व नाजूक असला तरी कोमट पाण्याला दाद देत नाही; त्याला विरघळविण्यासाठी सुमारे ८५ अंश तापमान लागते. दुधाचा पदार्थ हाडासारखा कठीण, पण ठिसूळ असतो. पाण्यात तो मऊ पडतो, विरघळत नाही.

मातीत स्टार्च आणि जिलेटिन यांवर लवकरच बुरशी धरते आणि काही आठवड्यांत त्यांचे तुकडे हाती लागेनासे होतात. अगर तुलनेने अधिक तग धरू शकतो, कारण त्याची साखळी तोडणारे विकर मोजक्याच सूक्ष्मजीवांपाशी असते. या गुणाचा विज्ञानाला झालेला लाभ उल्लेखनीय आहे. १८८१-८२ च्या सुमारास बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढविण्यासाठी जिलेटिन वापरले जात असे. पण ते शरीराच्या तापमानाला वितळे आणि जंतू ते खाऊनही टाकीत. तेथील संशोधक वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी घरी जेली बनविताना वापरात असलेला अगर सुचविला. आजही जगभरातील प्रयोगशाळांत जंतूंची वाढ अगरवरच केली जाते.

पॉलिथिनची पट्टी मात्र जशीच्या तशी राहते. तिच्या कार्बनच्या साखळीवर पकड घेणारी विकरे मातीतील सर्वसामान्य सूक्ष्मजीवांपाशी नाहीत. शिवाय ती पाण्याला जवळही येऊ देत नाही. याउलट स्टार्च व प्रथिने पाण्याला ओढून घेतात. पाण्याबरोबर विकरे आणि सूक्ष्मजीव आत शिरतात आणि विघटन सुरू होते. ज्या गुणामुळे ही पिशवी पावसात निकामी होते, त्याच गुणामुळे ती मातीत मिसळते. उपयुक्तता आणि विघटनशीलता ही एकाच खात्याची जमा आणि नावे बाजू आहे. एक वाढविली की दुसरीवर भार पडतो.

स्वयंपाकघरापासून कारखान्यापर्यंत

हा भार हलका करण्याचा प्रयत्न म्हणजे आधुनिक जैवप्लास्टिकचा उद्योग. मका किंवा उसाच्या साखरेचे आंबवण करून लॅक्टिक आम्ल मिळवायचे आणि त्याच्या साखळ्या जोडून पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए, तयार करायचे ही त्यातील प्रमुख पद्धत होय. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात ब्लेअर येथे २००२ मध्ये त्याचा मोठा कारखाना सुरू झाला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील जेजुरी येथे प्राज इंडस्ट्रीजच्या जैवबहुवारिक प्रात्यक्षिक प्रकल्पाचे उद्घाटन झाले, तर उत्तर प्रदेशातील बलरामपूर चिनी मिल्सने २०२४ मध्ये उसावर आधारित पीएलए प्रकल्प घोषित केला. ऊस उत्पादक पट्ट्यासाठी ही निश्चितच नवी दिशा आहे.

पीएलए पाण्यात विरघळत नाही, काचेसारखे स्वच्छ दिसते आणि पेल्यासाठी उपयुक्त ठरते. पण त्याची किंमत विघटनाच्या बाजूला मोजावी लागते. सुमारे ६० अंश तापमान, पुरेशी आर्द्रता आणि सक्रिय सूक्ष्मजीव असलेल्या औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पात ते काही महिन्यांत विघटित होते. बागेतील मातीत किंवा समुद्रात मात्र ते दीर्घकाळ तसेच राहू शकते.

येथे दोन शब्दांची गल्लत टाळावयास हवी. ‘जैव-आधारित’ हा शब्द कच्चा माल कोठून आला ते सांगतो, तर ‘जैवविघटनशील’ हा शब्द वस्तूचे पुढे काय होईल ते सांगतो. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन बनविले जाते. ते जैव-आधारित असूनही कुजत नाही. याउलट पीबीएटी हे प्रामुख्याने खनिज तेलापासून बनणारे बहुवारिक विघटनशील आहे, आणि बाजारातील अनेक कंपोस्टयोग्य पिशव्या त्यात स्टार्च किंवा पीएलए मिसळून बनविलेल्या असतात. तिसरा प्रकार ‘ऑक्सो-विघटनशील’ प्लास्टिकचा. सामान्य पॉलिथिनमध्ये धातूंचे क्षार मिसळल्याने ते लवकर ठिसूळ होऊन तुकडे तुकडे होते. दृष्टीआड झाले तरी सूक्ष्म कणांच्या रूपाने ते शिल्लक राहते. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून त्यापासून बनलेल्या वस्तू बाजारात आणण्यास मनाई केली आहे.

लेबलवरील शब्द आणि प्रत्यक्ष वर्तन यांतील अंतर ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठाच्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले. तीन वर्षे मातीत किंवा समुद्रात राहिलेली ‘जैवविघटनशील’ पिशवी त्यानंतरही बाजारहाटाचे ओझे पेलू शकत होती. ‘कंपोस्टयोग्य’ पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनंतरही ती शिल्लक होती. मात्र तिला वजन पेलवत नव्हते. म्हणजेच विघटनशीलता हा केवळ पदार्थाचा गुण नसून पदार्थ, स्थळ आणि काळ या तिन्हींचा तो करार आहे. स्थळ व काळ न सांगता केलेला विघटनशीलतेचा दावा हा मुदत आणि व्याजदर न लिहिलेल्या ठेवपावतीसारखा होय.

बँकेच्या दृष्टीने

हा करार लेखी स्वरूपात आणण्याचे काम मानके करतात. भारतात स्वीकारलेल्या आयएसओ १७०८८ या मानकानुसार नियंत्रित कंपोस्टच्या स्थितीत १८० दिवसांच्या आत वस्तूतील किमान ९० टक्के सेंद्रिय कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते. तसेच १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक अवशेष राहता कामा नयेत. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये कंपोस्टयोग्य पिशव्यांच्या उत्पादकास विक्रीपूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घेणे आवश्यक आहे.

त्यामुळे अशा उद्योगाचा कर्जप्रस्ताव समोर येईल तेव्हा यंत्रसामग्रीच्या दरपत्रकाइतकेच पुढील प्रश्नही महत्त्वाचे ठरतात. प्रमाणपत्र नेमक्या त्याच उत्पादनाचे आहे काय? दाणेदार कच्चा माल आयात होतो की देशात मिळतो, आणि विनिमय दर बदलल्यास नफ्याचे गणित टिकते काय? पावसाळ्यातील दमटपणात माल साठविण्याची सोय कशी आहे? साठा तारण ठेवताना हा माल दीर्घकाळ पडून राहिल्यास त्याची गुणवत्ता घटू शकते, याचा विचार झाला आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वापरलेली पिशवी ज्या कंपोस्ट प्रकल्पात जाणे अपेक्षित आहे, तो त्या शहरात अस्तित्वात आहे काय? कचराभूमीच्या प्राणवायूविरहित ढिगात विघटनशील पदार्थ कुजला तरी मिथेन हा उष्णता धरून ठेवणारा वायू बाहेर पडतो. तोच पदार्थ पुनर्चक्रीकरणासाठी जाणाऱ्या प्लास्टिकमध्ये मिसळला, तर त्या प्लास्टिकची प्रत बिघडते. कचऱ्याच्या वर्गीकरणावाचून या उत्पादनाचे सामाजिक मूल्य कागदावरच राहते आणि नियम बदलले की मागणीही डळमळते. ही जोखीम कर्जदाराची तितकीच बँकेचीही आहे.

ग्राहकांसाठी कसोटी याहून सोपी आहे. पिशवीवर उत्पादकाचे नाव व प्रमाणपत्र क्रमांक पाहावा. केवळ हिरवे पान छापले आहे किंवा ‘पर्यावरणस्नेही’ असे लिहिले आहे, एवढ्यावर विसंबू नये. अशी पिशवी ओल्या कचऱ्यासाठी वापरावी व त्याच डब्यात टाकावी. अन्नधान्यापासून बनलेली वस्तू म्हणून ती निष्काळजीपणे फेकण्याचा परवाना मिळत नाही. तिच्यामागे शेतातील पाणी, खत आणि शेतकऱ्याचे श्रम खर्ची पडलेले असतात.

सुटीच्या दिवशी मुलांना सोबत घेऊन उपरोक्त प्रयोग जरूर करावा. कुंडीत पुरलेल्या पट्ट्या दर आठवड्याला उकरून वहीत नोंदी ठेवल्या, तर काही आठवड्यांत स्टार्चच्या रकान्यात ‘शिल्लक नाही’ असे लिहावे लागेल आणि पॉलिथिनच्या रकान्यात मात्र प्रत्येक वेळी आरंभीचीच शिल्लक पुढे ओढावी लागेल. ती शिल्लक आपल्या नातवंडांच्या खात्यातही तशीच वर्ग होणार आहे. ती वाढू न देण्याचा सर्वांत स्वस्त आणि निर्धोक उपाय अद्यापही कापडी पिशवी हाच आहे. बाजाराला निघताना ती आठवणीने सोबत घ्यावी, इतकेच.